‘तू तर नुसता बसून पैसे घेतोस!’ : मोनोपॉलीच्या खऱ्या जन्माची गोष्ट

मे महिन्यातली दुपार. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि बहिणीच्या घरात जमिनीवर ‘व्यापार’चा पट मांडलेला. पट जुना, घडीवर चिकटपट्टी लावलेला. शंभराच्या दोन नोटा कधीच्या हरवल्या होत्या, म्हणून वहीच्या कागदाचे तुकडे कापून त्यांवर पेनने ‘१००’ लिहून भागवलं होतं. तासाभरात व्हायचं तेच झालं. भाच्याकडे अर्धा पट, धाकटी भाची कफल्लक. तिची सोंगटी तिसऱ्यांदा त्याच्याच घरावर पडली तशी ती उसळली. “तू काहीच करत नाहीस! तू तर नुसता बसून पैसे घेतोस!” पट उधळला, सोंगट्या कपाटाखाली गेल्या आणि मला झोपेतून उठून मध्यस्थी करावी लागली.

भाचीला कल्पना नव्हती, पण हा खेळ ज्या खेळावरून आला तो तयार करणाऱ्या बाईंना खेळणाऱ्याच्या तोंडून नेमकं हेच वाक्य ऐकायचं होतं. पट त्यासाठीच आखला होता.

दर वर्षी महिला दिनाच्या सुमारास मोबाइलवर एक संदेश फिरतो: मोनोपॉली (आपला ‘व्यापार’ हा त्याचाच देशी अवतार) हा खेळ एका बाईने शोधला, एका पुरुषाने चोरला, तो कोट्यधीश झाला, ती विस्मृतीत गेली. चूक नाही, पण गोष्ट अर्धीच आहे. आणि जी अर्धी गळते, तीच जास्त रंजक आहे. ती कळायला खेळाच्या जरा मागे जावं लागतं, कारण हा खेळ मुळात एका आर्थिक विचाराची शिकवणी होता.

## आधी तो विचार: रिकाम्या प्लॉटची किंमत कोण वाढवतं?

आपल्या ओळखीचं चित्र घ्या. गावाबाहेर एक रिकामा प्लॉट आहे. मालक दुसऱ्या शहरात. तारेचं कुंपण, आत गवत, एका कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला फुटका कमोड. पुढच्या दहा वर्षांत शेजारी शाळा येते, रस्ता रुंद होतो, दवाखाना, भाजीबाजार, मग मेट्रोचं स्टेशन. प्लॉटची किंमत पाचपट, दहापट होते. या दहा वर्षांत मालकाने काय केलं? फार तर कुंपणाची तार बदलली.

किंमत वाढवली ती आजूबाजूच्या लोकांनी. त्यांनी शाळा चालवली, दुकानं थाटली, कर भरले, त्यातून रस्ता झाला. वाढलेले पैसे मात्र कागदावर ज्याचं नाव आहे त्याच्या खिशात गेले. न कमावता मिळालेल्या या पैशांना अनर्जित उत्पन्न म्हणतात. हा शब्द पुस्तकी वाटेल, पण आपल्या महसूल खात्याच्या कागदांत तो सर्रास भेटतो. सरकारने अटीवर दिलेली जमीन विकताना ‘अनर्जित उत्पन्ना’चा हिस्सा शासनाकडे भरावा लागतो, हे ज्यांनी तलाठ्याकडे फेऱ्या मारल्यात त्यांना ठाऊक असेल.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत हेन्री जॉर्ज नावाच्या पत्रकाराने या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. रेल्वे वाढतेय, कारखाने वाढतायत, तरी शहरांत भिकारी का वाढतायत? त्याचं उत्तर होतं जमीन. प्रगतीचा मलिदा शेवटी जमिनीच्या भाड्यात जाऊन बसतो. १८७९ मध्ये ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या पुस्तकात त्याने उपाय मांडला: माणसाच्या श्रमावर, दुकानावर, बांधलेल्या घरावर कर लावू नका. फक्त जमिनीच्या किमतीवर लावा, कारण ती कुणा एकट्याने निर्माण केलेली नाही. याला ‘एकच कर’ म्हणत. पुस्तक धडाधड खपलं. १८८६ मध्ये जॉर्ज न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभा राहिला, हरला, पण दुसरा आला. तिसऱ्या क्रमांकावर जो तरुण होता तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, थिओडोर रूझवेल्ट.

## आता मॅगीबाई

एलिझाबेथ मॅगी, घरच्यांची आणि इतिहासाची लिझी, १८६६ मध्ये इलिनॉय राज्यातल्या मॅकोम गावी जन्मल्या. (नूडल्सशी काही संबंध नाही.) वडील जेम्स मॅगी वृत्तपत्र चालवायचे, गुलामगिरीच्या विरोधात होते, लिंकनच्या गाजलेल्या वादविवादांच्या दौऱ्यात त्यांच्यासोबत फिरले होते. हेन्री जॉर्जचं पुस्तक मुलीच्या हाती त्यांनीच दिलं.

मोठेपणी मॅगीबाई वॉशिंग्टनमध्ये लघुलेखक-टंकलेखक होत्या. पत्ता न लागलेली टपालं जिथे जमा होतात, त्या ‘डेड लेटर’ कचेरीतही त्यांनी काम केलं. कविता आणि कथा लिहायच्या, रंगमंचावर विनोदी भूमिका करायच्या. १८९३ मध्ये, म्हणजे ऐन तारुण्यात, टंकयंत्राच्या रुळातून कागद सहज सरकावा यासाठीच्या एका सुधारणेचं पेटंटही त्यांनी मिळवलं होतं. त्या काळी पेटंट मागणाऱ्यांत बायका शंभरात एकसुद्धा नसत. लग्न केलं ते वयाच्या ४४ व्या वर्षी. तोवर स्वतःच्या कमाईवर घर चालवलं.

बाईंचा स्वभाव कळायला एकच प्रसंग पुरे. १९०६ मध्ये शिकागोत असताना तुटपुंज्या पगाराला वैतागून त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: ‘तरुण अमेरिकन गुलाम स्त्री’ विकणे आहे, सर्वाधिक बोली लावणाऱ्यास. विक्रीला स्वतःच. देशभर खळबळ उडाली. बाईंचं म्हणणं साधं होतं. नोकरदार बाई श्रम विकते की स्वतःला, हा फरक पगार देणाऱ्यांना कळत नसेल तर असं सांगून पाहू.

संध्याकाळी त्या ‘एकच कर’ शिकवायच्या. पण अर्थशास्त्रावरचं व्याख्यान ऐकायला येऊन येऊन किती जण येणार? मग त्यांनी वेगळी वाट धरली. लोकांना सांगायचं नाही, लोकांकडून ते खेळवून घ्यायचं.

## पटावर काय होतं

१९०३ च्या मार्चमध्ये त्यांनी अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक ७,४८,६२६. खेळाचं नाव ‘द लँडलॉर्ड्‌स गेम’, म्हणजे सरळ मराठीत जमीनमालकाचा खेळ.

त्या काळच्या बहुतेक पटांवर एक सुरुवात आणि एक शेवट असायचा, आधी पोचेल तो जिंकला. मॅगीबाईंचा पट चौकोनी होता आणि सोंगट्या त्याच्या कडेने गोल गोल फिरत राहायच्या. प्रत्येक बाजूला नऊ घरं, वर चार कोपरे. विकत घ्यायच्या जागा, त्यांचं भाडं, चार रेल्वे, पाणी आणि दिव्यांच्या कंपन्या, एका कोपऱ्यात तुरुंग, दुसऱ्यात ‘तुरुंगात जा’. वाचताना ओळखीचं वाटलं ना? एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग आणि तिथेच गरीबखाना. ज्याचे पैसे संपले तो तिथे.

आणि सुरुवातीच्या कोपऱ्यात पृथ्वीचं चित्र. ‘धरणीमातेवर केलेल्या श्रमातून मजुरी मिळते’ अशा अर्थाची ओळ. एक फेरी पूर्ण केली की तुम्ही तेवढे श्रम केलेत असं धरून १०० डॉलर मिळायचे. आज तिथून जाताना आपण बँकेकडे हात पसरतो, पण ते पैसे कशाचे हे कुणी सांगत नाही. मॅगीबाईंच्या पटावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं: मजुरीचे. पटावर पैसा येण्याचे दोन रस्ते होते. एक फिरून, म्हणजे श्रमाने. दुसरा बसून, म्हणजे भाड्याने. आणि खेळ जसजसा पुढे जातो तसतसा दुसरा रस्ता पहिल्याला गिळतो.

तो कसा गिळतो ते पाहा. चौघं खेळतायत, सगळ्यांकडे सारखे पैसे, सारखे फासे. पहिल्या दोन फेऱ्यांत ज्याला चांगले आकडे पडले त्याच्याकडे आठ जागा, दुसऱ्याकडे चार. आता दर फेरीला पहिल्याच्या दारात कुणीतरी येऊन पडण्याची शक्यता साधारण दुप्पट. आलेल्या भाड्यातून तो आणखी जागा घेतो, घरं बांधतो, भाडं वाढतं, त्यातून आणखी घरं. चौथ्याची मजुरी तेवढीच राहते. खेळात अक्कल लागत नाही असं नाही, सौदे करावे लागतात, पण सुरुवातीच्या दोनचार फाशांनी जो कल दिला तो पुढे आपोआप फुगत जातो. आणि गंमत म्हणजे जिंकलेल्याला ठाम वाटतं की आपण हुशारीने जिंकलो. माझ्या भाच्यालाही तसंच वाटत होतं.

मुलांना एकदा हा अन्याय डोळ्यांसमोर दिसला की मोठेपणी ती तो दूर करतील, असा मॅगीबाईंना विश्वास होता. तेवढा विश्वास मला नाही, पण त्याकडे शेवटी येतो.

## आणि दुसरे नियम

१९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘इकॉनॉमिक गेम कंपनी’ने खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यात एक पेच होता, जो आजच्या खोक्यात सापडणार नाही. खेळाडूंना वाटलं तर मतदान करून नियम बदलता यायचे. बदललेल्या नियमांत जमिनीचं भाडं मालकाला मिळत नसे, ते सार्वजनिक तिजोरीत जमा होई. तिजोरी भरली की त्यातून दिव्यांची कंपनी लोकांची, मग रेल्वे लोकांची, आणि तिथे पाऊल पडलं तरी भाडं नाही. पुढच्या काळात या नियमांना ‘प्रॉस्पेरिटी’ म्हणजे भरभराट असं नाव मिळालं. खेळ संपायचा केव्हा? सगळ्यांत गरीब खेळाडूचे पैसे दुप्पट झाले की.

म्हणजे एकच पट, तेच फासे, तीच माणसं. एका नियमाने एक जण सगळ्यांना नागवतो, दुसऱ्याने सगळे थोडे थोडे वर येतात. बाईंचा धडा या फरकात होता. दोन्ही खेळून पाहिल्याशिवाय तो कळत नाही. पुढे दुसरा गळाला आणि फक्त पहिला उरला. तुलनेला दुसरं काही नसल्यामुळे मक्तेदारीवरची ती टीका कौतुक होऊन बसली.

हे असं होऊ शकतं यावर विश्वास बसत नसेल तर आपल्याच घरातला मोक्षपट आठवा. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. सद्गुण म्हणजे शिडी, दुर्गुण म्हणजे साप, आणि वर मोक्ष. हा खेळ इंग्रजांबरोबर विलायतेला गेला, घरांतली नावं हळूहळू पुसली गेली आणि उरले ते नुसते साप आणि शिड्या. पट प्रवासाला निघाला की धडा मागच्या स्टेशनवर उतरतो.

## दुकानातून नाही, दिवाणखान्यातून

छापील खेळ फारसा खपला नाही. पण तो पसरला, आणि पसरला तो भोंडल्याच्या गाण्यांसारखा. ऐकलेलं आपल्या गावी न्यायचं, एखादं कडवं बदलायचं, मालकाचं नाव कुणाला ठाऊक नाही.

डेलावेअर राज्यात आर्डेन नावाची छोटी वसाहत आहे. ‘एकच कर’वाल्यांनीच ती १९०० मध्ये वसवली. तिथे लोक हाताने पट रंगवून हा खेळ खेळत. स्कॉट निअरिंग नावाच्या प्राध्यापकाने तो आर्डेनमध्ये पाहिला आणि व्हार्टन या व्यापार-अर्थशास्त्राच्या महाविद्यालयातल्या आपल्या विद्यार्थ्यांना शिकवायला वापरला. विद्यार्थ्यांनी तो इतर महाविद्यालयांत नेला. प्रत्येकाने आपापल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. हळूहळू लोक त्याला ‘मोनोपॉली’ म्हणू लागले, म्हणजे मक्तेदारी.

असं फिरत फिरत तो न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या अटलांटिक सिटीत पोचला, क्वेकर पंथाच्या शिक्षकांच्या आणि व्यावसायिकांच्या घरी. क्वेकर मंडळी शांततेची भोक्ती. जागांचा लिलाव पुकारताना होणारा आरडाओरडा त्यांना रुचेना, म्हणून त्यांनी जागांच्या ठरावीक किमती पटावरच लिहून टाकल्या. रस्त्यांची नावं अटलांटिक सिटीची घातली: बोर्डवॉक, पार्क प्लेस, बाल्टिक अव्हेन्यू. कुठला रस्ता महाग आणि कुठला स्वस्त हे त्यांनी खऱ्या शहरावरून ठरवलं. अमेरिकेतल्या पटावर आज जी नावं छापलेली असतात ती या लोकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहिलेली आहेत.

## एका अक्षराचा पुरावा

१९३० च्या दशकाची सुरुवात. महामंदी. फिलाडेल्फियाचा चार्ल्स टॉड आणि त्याची बायको यांनी हा खेळ अटलांटिक सिटीवाल्या मित्रांकडून शिकला आणि एका संध्याकाळी एका ओळखीच्या जोडप्याला जेवायला बोलावून शिकवला. त्या जोडप्यातला नवरा म्हणजे चार्ल्स डॅरो. नोकरी गेलेली, हाताला काम नाही. खेळ त्याला फार आवडला. त्याने टॉडकडे नियम लिहून मागितले. टॉडने ते टंकलिखित करून दिले.

आता बारीक बघा. अटलांटिक सिटीजवळ मार्गेट आणि व्हेंटनॉर ही दोन गावं आहेत. त्यांच्या सीमेवरच्या वस्तीला दोन्हींतले तुकडे घेऊन नाव ठेवलं: मार्‌ आणि व्हेन, मार्व्हेन गार्डन्स. टॉडने आपल्या पटावर हे नाव लिहिताना चूक केली आणि ‘मार्व्हिन’ लिहिलं. डॅरोच्या पटावरही ‘मार्व्हिन’. पुढे हा खेळ विकत घेणाऱ्या पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने छापलेल्या लाखो पटांवरही ‘मार्व्हिन’. शाळेत शेजारच्याची गणितं उतरवताना त्याची चूकही उतरवणारा मुलगा कसा सापडतो, तसंच. १९९५ मध्ये कंपनीने त्या वस्तीतल्या लोकांची या चुकीबद्दल माफी मागितली. टॉडची माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

## मग डॅरोने काहीच केलं नाही का?

केलं, आणि हे कबूल करायला हवं. त्याने एका व्यंगचित्रकार मित्राकडून पटावरची चित्रं करून घेतली, पट देखणा केला, खोकी तयार केली, फिलाडेल्फियाच्या वॉनामेकर या मोठ्या दुकानात ठेवली. विकायची धडपड केली. पार्कर ब्रदर्सने आधी खेळ नाकारला होता, पण खप पाहून १९३५ च्या मार्चमध्ये विकत घेतला, आणि डॅरोला दर प्रतीमागे मानधन ठरलं. तो खेळ रचून कोट्यधीश होणारा पहिला माणूस म्हणतात.

अडचण इथे नाही. अडचण आहे ती ‘मी हा खेळ माझ्या तळघरात बसून शोधला’ या त्याच्या गोष्टीत. बेकार माणूस, मंदी, तळघर, एक कल्पना आणि नशीब पालटलं. मंदीने गांजलेल्या देशाला ती हवीच होती. कंपनीने ती पुढे अनेक दशकं खोक्यातल्या कागदावर छापली.

## पण मॅगीबाईंनी पेटंट स्वतःच विकलं ना?

हो. हा आक्षेप सर्रास घेतला जातो आणि तो बरोबर आहे. पेटंट म्हणजे सरकारने शोधकर्त्याला ठरावीक वर्षांसाठी दिलेला मक्ता: तेवढा काळ ती वस्तू दुसऱ्या कुणी बनवायची नाही. मुदत संपली की शोध सगळ्यांचा. तेव्हा ही मुदत १७ वर्षांची होती. म्हणजे १९०४ चं पेटंट १९२१ मध्येच संपलेलं. मॅगीबाईंनी सुधारलेल्या पटासाठी १९२४ मध्ये दुसरं घेतलं होतं आणि ते चालू होतं. डॅरोच्या खेळाभोवती पक्कं कुंपण घालायचं तर हे पेटंट कुणाच्या हाती मोकळं राहून चालणार नव्हतं. म्हणून खुद्द जॉर्ज पार्कर, वयोवृद्ध संस्थापक, मॅगीबाईंना भेटायला गेला. १९३५ च्या नोव्हेंबरात सौदा झाला: ५०० डॉलर रोख, पुढे प्रतीमागे काही नाही.

बाई खूश होत्या. आपला खेळ आता देशभर जाईल, घराघरात ‘एकच कर’ पोचेल असं त्यांना वाटलं. कंपनीला त्यांनी जे पत्र लिहिलं त्यात खेळाला ‘माझ्या बुद्धीच्या लाडक्या लेकरा’ असं म्हणून निरोप दिला आहे, माझ्यापेक्षा तुझं ज्याच्या हातून जास्त भलं होईल त्याच्याकडे तुला सोपवते, म्हणून. मुलगी सासरी पाठवतानाची भाषा. सासरचं घर कसं निघालं हे महिन्या-दोन महिन्यांत कळलं.

१९३६ च्या जानेवारीत वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांनी त्यांची मुलाखत छापली. छायाचित्रात पांढऱ्या केसांच्या मॅगीबाई आपले जुने पट हातात धरून बसल्या आहेत. एकावर मधोमध ‘मोनोपॉली’ हा शब्द लिहिलेला. वकील, छापखाना आणि पेटंट कचेरीचा खर्च धरला तर खेळातून मिळालं त्यापेक्षा गेलंच जास्त, असं बातमीत होतं. पण हेन्री जॉर्जचा विचार लोकांपर्यंत पोचत असेल तर आपल्याला एक छदाम मिळाला नाही तरी चालेल, असंही त्यांचं म्हणणं होतं. पैशांचं दुःख नव्हतंच. पोचत होता तो खेळ, विचार नव्हे. कंपनीने त्यांचे आणखी दोन खेळ काढले, १९३९ मध्ये ‘लँडलॉर्ड्‌स गेम’ही पुन्हा छापला, आणि तो कुणी विकत घेतला नाही. १९४० च्या जनगणनेत त्यांच्या नावापुढे व्यवसाय ‘खेळ बनवणे’ आणि उत्पन्न शून्य अशी नोंद आहे. १९४८ मध्ये त्या वारल्या.

## हे सगळं कळलं कसं?

एका भांडणातून. सॅन फ्रान्सिस्कोत राल्फ अ‍ॅन्सपॅक नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९७३ मध्ये त्यांनी ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा, मक्तेदाऱ्या मोडण्याचा खेळ काढला. कंपनीने नावावर आक्षेप घेतला. इथे एक फरक लक्षात ठेवा: पेटंट वस्तूच्या रचनेवर असतं आणि संपतं, तर ट्रेडमार्क नावावर असतो आणि सांभाळला तर संपतच नाही. भांडण होतं ट्रेडमार्कचं.

बचावासाठी पुरावे शोधताना अ‍ॅन्सपॅकना मॅगीबाईंची पेटंटं सापडली. मग त्यांनी गावोगाव फिरून तीसच्या दशकाआधी हा खेळ खेळलेले म्हातारे-म्हाताऱ्या शोधले, त्यांच्या माळ्यांवरचे हाताने रंगवलेले पट शोधले. चार्ल्स टॉडही भेटला. मध्येच न्यायालयाचा एक निकाल विरुद्ध गेला आणि १९७७ मध्ये मिनेसोटातल्या मँकेटो गावी ‘अँटी-मोनोपॉली’च्या सुमारे ४०,००० प्रती कचराभूमीत पुरल्या गेल्या. अ‍ॅन्सपॅक अपिलात गेले आणि जिंकले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची मागणी ऐकायला नकार दिला. कज्जा दहा वर्षं चालला. मॅगीबाईंचं नाव कोर्टाच्या कागदांतून वर आलं ते असं, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

## रिकामा प्लॉट, पुन्हा

आता सुरुवातीचा तो प्लॉट आठवा. किंमत शेजाऱ्यांनी वाढवली, पैसे कागदवाल्याला. मोनोपॉलीचं नेमकं तेच झालं. पाया मॅगीबाईंचा. नाव विद्यार्थ्यांनी दिलं, किमती क्वेकरांनी ठरवल्या, रस्ते अटलांटिक सिटीकरांनी लिहिले, नियम टॉडने टंकून दिले. तीस वर्षं शेकडो लोकांनी हा खेळ घडवला. मग एकाने भोवती कुंपण घातलं आणि पाटी लावली. जे समजावण्यासाठी मॅगीबाईंनी पट आखला, त्याच पटाच्या बाबतीत ते घडलं.

यात एक खोच आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मक्तेदारीच्या विरोधात असलेल्या बाईंनी स्वतः पेटंट घेतलं होतं, म्हणजे मक्ताच. त्यांचं पेटंट कुणी गंभीरपणे घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण बाई असल्यामुळे श्रेय गेलं, एवढ्यावर मी गोष्ट संपवणार नाही. टॉड पुरुष होता, आणि त्याच्याही हाती काही लागलं नाही. दोघांत फरक इतकाच की मॅगीबाईंकडे दोन पेटंटं होती, तरीही.

## बरं, पण तो ‘एकच कर’ खरंच चालतो का?

पहिली शंका हमखास येते: मालक कराचे पैसे भाडेकरूकडूनच काढेल. बहुतेक अर्थतज्ज्ञांचं उत्तर आहे, सहसा नाही. कांद्यावर कर लावला तर शेतकरी कांदा कमी लावेल आणि भाव चढेल. जमीन कमी लावता येत नाही, आहे तेवढीच राहते. आणि मालक आजही त्या भागात मिळेल तेवढं जास्तीत जास्त भाडं घेतोच आहे.

दुसरी शंका जास्त अवघड आहे. जुन्या वाड्यात एकट्या राहणाऱ्या, पेन्शनवर जगणाऱ्या आजींची जमीन कोटींची झाली, पण हातात पैसा नाही. त्यांनी कर कुठून भरायचा? यावर सवलती, विकताना वसुली असे उपाय सुचवले जातात, पण प्रश्न खोटा नाही. ‘फक्त’ जमिनीवर कर लावून आख्खा देश चालवणं आज कुणी करत नाही. जमिनीच्या किमतीवर वेगळा कर मात्र डेन्मार्कमध्ये आहे, एस्टोनियातही आहे. एस्टोनियात वर बांधलेल्या घरावर तो लागत नाही, खालच्या जमिनीवरच लागतो. जॉर्जला आवडलं असतं.

## आणि दुसरे नियम चांगले होते, तर टिकले का नाहीत?

हे मी करून पाहिलं. त्याच सुट्टीत, त्याच चिकटपट्टीच्या पटावर. मध्ये आमटीची वाटी ठेवली आणि सांगितलं, जागेचं भाडं वाटीत टाकायचं, बांधलेल्या घराचं मालकाला द्यायचं. दर दोन फेऱ्यांनी वाटीतले पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे. कुणी रडलं नाही, कुणी उधळलं नाही. भाचीने दोन घरंही बांधली. पाऊण तासाने भाचा म्हणाला, “मामा, यात हरायचं कोणी?” मला उत्तर सुचेना. थोड्या वेळाने दोघंही पट तसाच टाकून टीव्हीसमोर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी जुने नियम परत. भाचीने पहिल्याच फेरीत मुंबई घेतली, तिसऱ्या फेरीत तिच्यावर घर बांधलं, आणि दादाची सोंगटी तिकडे वळेपर्यंत मांडी घालून, नुसती बसून राहिली.